अक्षर दारात थांबत नाही : क्रमाने येणारी अक्षरे आणि आभासी स्मृती यांचा एक छोटा इतिहास

१/
दुधाच्या पावतीवर एक अंक कमी छापला गेला, तर त्याचा इतिहासाशी काय संबंध? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. विषय वरवर पाहता रूक्ष वाटेल : मायक्रोकंट्रोलर नावाच्या एका चिपेत सामावलेले छोटे संगणकयंत्र, त्याच्याकडे तारेवरून एकामागून एक येणारी अक्षरे, आणि अपुरी जागा पुरवून नेण्यासाठी योजलेली आभासी स्मृती. या दोन गोष्टींचे आपसात पटत नाही, आणि हे भांडण साठ वर्षांहून जुने आहे. त्यात मँचेस्टर आहे, मुंबई आहे आणि आमच्या संगमनेर तालुक्यातले एक दूधसंकलन केंद्रही आहे.

२/
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात वाढलेल्यांना हे दृश्य सांगावे लागत नाही. पहाटे किटल्या घेऊन रांग लागते. दूध काट्यावर जाते, नमुना तपासणी यंत्रात जातो आणि हाती पावती येते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर ठरतो; त्याहून कमी भरले की पैसे कापले जातात. पावतीवरचा प्रत्येक अंक थेट घरखर्चाशी जोडलेला असतो. काटा आणि तपासणी यंत्र आपापले अंक एका केबलमधून शेजारच्या छोट्या यंत्राकडे पाठवतात, आणि ते यंत्र पावती छापते.

३/
काही वर्षांपूर्वी वडिलांच्या पावतीवर १२.४ ऐवजी २.४ लिटर छापून आले. काट्यावर १२.४ सर्वांनी पाहिले होते, आणि सचिवकाकांनी पेनाने वहीतही तेच लिहिले होते. म्हणून पैसे वाचले. वही नसती तर? माझा चुलतभाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक आहे. तो म्हणाला, “एक हा आकडा काट्याने पाठवला होता. पण तो आला तेव्हा यंत्र आधीच्या सभासदाची नोंद कार्डावर उतरवत होते. घेणारा दारात नव्हता.” मी इतिहासाचा विद्यार्थी, मोडी कागद वाचणे हा माझा अभ्यास. पण हे वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हापासून जे वाचले, ते येथे मांडतो.

४/
आधी ‘एकामागून एक’ या पद्धतीविषयी. एकाच तारेवरून मजकूर पाठवायचा, तर अक्षरांना रांगेत यावे लागते. तारायंत्राने हे जगाला शिकवले. भारतात १८५०च्या दशकात विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली तारा पसरल्या आणि १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. तारबाबू टकटक ऐकून अक्षर लिहून घेई. पलीकडचा पाठवत असताना याची नजर क्षणभर हटली, तर ते अक्षर गेले. पुन्हा मागावे लागे. आणि मागता येत असे, कारण दोन्ही टोकांना माणसे होती.

५/
१८७४ मध्ये फ्रान्समध्ये एमिल बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाच समान घटकांचा संकेत देणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. अनुक्रमी संदेशवहनाचा वेग मोजणारे ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे १९१०च्या दशकात अमेरिकेत क्रम पितापुत्रांनी टेलिप्रिंटरसाठी एक साधी युक्ती रूढ केली : प्रत्येक अक्षराआधी ‘सुरू’ची खूण आणि शेवटी ‘थांबा’ची खूण. त्यामुळे दोन्ही टोकांची घड्याळे सतत जुळवत बसण्याची गरज उरली नाही. आज दूधकाट्याच्या केबलमधून धावणारे अंक याच खुणा अंगावर घेऊन येतात.

६/
आता थोडे गणित, कारण सगळा पेच त्यातच आहे. ९६०० बॉड हा अशा यंत्रांचा नेहमीचा वेग. एका अक्षराचे ८ बिट, सुरूचा १ आणि थांबाचा १, असे १० बिट. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. दर अक्षरामागे एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ. माणसाच्या दृष्टीने हा काळ नगण्य आहे. चिपेच्या दृष्टीने तो पुष्कळ आहे, परंतु एकच अट आहे : तिचे लक्ष त्या क्षणी दुसरीकडे अडकलेले नसावे. पाठवणारा काटा वाट पाहत नाही. त्याला पलीकडच्या अडचणी ठाऊकच नसतात.

७/
सुरुवातीच्या संगणकांनी हा प्रश्न टाळला; यंत्रच अक्षरासाठी थांबत असे. आपल्याकडचे उदाहरण टिफ्रॅकचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो बांधला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. मजकूर छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत जाई. त्या पिढीच्या यंत्रांत सर्वसाधारण रीत अशी, की ‘वाच’ असा हुकूम झाला की पुढचे अक्षर हाती येईपर्यंत बाकी काम ठप्प.

८/
येथे नगरकरांसाठी एक दुवा. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात राहून ज्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, त्याच जवाहरलाल नेहरूंनी १५ जानेवारी १९६२ रोजी संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. परंतु तोवर जगात दुसरा विचार पुढे आला होता : एवढे महागडे यंत्र कागदी फितीची वाट पाहत बसवणे हा अपव्यय आहे.

९/
दुसरी अडचण जागेची. १० किलोबाइटांत मोठा हिशेब मावत नाही. म्हणून कार्यक्रम लिहिणारा स्वतःच त्याचे तुकडे पाडी : हा भाग आता आत आण, तो झाला की बाहेर काढ, पुढचा आण. ही हमाली बुद्धीची होती आणि चुकांना आमंत्रण देणारी होती. ज्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरात काम केले आहे, त्यांना ही स्थिती ओळखीची वाटेल. हजारो रुमाल मांडण्यांवर असतात आणि आपल्या मेजावर एकावेळी एखाददुसराच उघडता येतो. हवा तो रुमाल मागवावा लागतो, जुना परत द्यावा लागतो.

१०/
मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रुमाल मागवण्याची जबाबदारी यंत्रावरच टाकली. ७ डिसेंबर १९६२ रोजी उद्घाटन झालेल्या ॲटलस संगणकात जलद स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि फिरत्या चुंबकी ड्रमवर ९८,३०४ शब्द मावत. दोन्ही मिळून एकच सलग जागा आहे, असे कार्यक्रमाला भासवले जाई. मजकुराची ५१२ शब्दांची पाने केली होती. हवे ते पान जलद स्मृतीत नसेल, तर चालू काम रोखून ते ड्रमवरून आणले जाई. कार्यक्रमाला याचा पत्ताही नसे. हीच आभासी स्मृती, म्हणजे आजची व्हर्च्युअल मेमरी.

११/
कोणते पान परत पाठवायचे, हाही प्रश्न होताच. ॲटलसमध्ये त्यासाठी एक छोटा ‘शिकणारा’ कार्यक्रम होता. कोणते पान किती वेळाने पुन्हा लागते याची तो नोंद ठेवी आणि जे लवकर लागणार नाही असे दिसे, त्याला निरोप देई. त्याचा अंदाज चुकला, तरी नुकसान फक्त वेळाचे. उत्तर चुकत नसे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण आभासी स्मृतीचा सगळा सौदा यातच आहे : ती जागा देते आणि त्या बदल्यात वेळ घेते. शिवाय तो वेळ नेमका केव्हा घेईल, हे आधी सांगत नाही.

१२/
आता दोन्ही प्रवाह एकत्र आणू. ॲटलसच्या ड्रमवरचे पान हाती यायला सरासरी काही मिलिसेकंद लागत. त्याच यंत्राला जोडलेला फितवाचक सेकंदाला सुमारे ३०० अक्षरे वाचू शके, म्हणजे दर अक्षरामागे ३.३ मिलिसेकंद. एक पान येईपर्यंत एखाददुसरे अक्षर येऊन दारात उभे राहणार. आणि ते अक्षर उचलणारा कार्यक्रमच जर ड्रमवर गेलेल्या पानात असेल, तर त्याला बोलावून आणेपर्यंत उशीर झालेला असणार. १९६२ मधला हा पेच आणि आमच्या पावतीवरचा हरवलेला ‘१’ हे एकाच घराण्यातले आहेत.

१३/
ॲटलसकर्त्यांचे उत्तर आजही तसेच्या तसे लागू पडते. बाहेरून अक्षर आले की चालू काम क्षणभर रोखून ते उचलायचे. या सूचनेला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, म्हणतात. व्यत्यय हाताळणारे कार्यक्रम त्यांनी तारांच्या जाळीत फेराइटच्या काड्या बसवून केलेल्या कायम साठ्यात ठेवले, आणि त्यांच्या टिपणवहीसाठी वेगळी, राखीव स्मृती दिली. या दोन्ही जागा पानांच्या अदलाबदलीच्या बाहेर होत्या. शिवाय ज्या पानात बाहेरचा मजकूर उतरत असेल, त्यावर ‘हलवू नये’ अशी खूण करण्याची सोय होती. घर कितीही आभासी असो, दरवान खराच हवा.

१४/
दुसरे उत्तर मुंबईत दिसते. टिफ्रॅकनंतर १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्याच्या सोबतीला १६०-ए हे लहान यंत्र. अशा जोडणीत कार्डे वाचणे, मजकूर चुंबकी फितीवर उतरवणे ही संथ कामे धाकट्या यंत्राकडे असत आणि थोरले यंत्र गणितात मग्न राही. दरवानासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याचाच हा प्रकार. पैसा असेल तर उपाय उत्तम. दूधकेंद्रावरच्या स्वस्त यंत्रात मात्र सचिव, कारकून आणि दरवान ही तिन्ही कामे एकट्या चिपेला करावी लागतात.

१५/
ती चिप कोणत्या कुळातली? १९८० मध्ये इंटेलने ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आणला : ४ किलोबाइट कायम स्मृती, १२८ बाइट कामाची स्मृती आणि अनुक्रमी संदेश घेण्याचे दार चिपेतच. टिफ्रॅकच्या १० किलोबाइटांपुढे १२८ बाइट म्हणजे ऐंशीवा हिस्सा. त्याच्या सोबत ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र आकड्याचा स्फटिक लावण्याची प्रथा पडली. कारण सरळ आहे : त्याला १२ने, मग ३२ने आणि मग ३ने भागले की बरोबर ९६०० उरतात. बोदोच्या वारशाने स्फटिकाचा आकडाही ठरवला.

१६/
त्याच्या दारात एका अक्षरापुरती पडवी असते. पहिले अक्षर पडवीत बसलेले असताना दुसरे वाटेवर असू शकते. पण दुसरे पूर्ण येऊन पोहोचेपर्यंत पहिले आत नेले नाही, तर एकाचा बळी जातो. १९८०च्या दशकात १६५५० या नावाच्या चिपेने ही पडवी १६ अक्षरांची केली. ९६०० बॉडला त्यातून साडेसोळा मिलिसेकंदांची उसंत मिळते. पडवी मोठी झाली, तरी प्रश्न सुटला नाही. तो पुढे ढकलला गेला.

१७/
“पण इतक्या लहान चिपेवर आभासी स्मृती कशाला?” हा प्रश्न मी चुलतभावाला विचारला. तो हौसेने एक चाचणीयंत्र बांधत होता. त्याच्या चिपेत कामाची स्मृती २,०४८ बाइट. तीनशे सभासद, प्रत्येकाच्या नोंदीला १६ बाइट धरले, तरी ४,८०० बाइट होतात. म्हणून सगळी यादी मेमरी कार्डावर, आणि त्यातली फक्त दोन पाने चिपेत. पान ५१२ बाइटांचे, कारण कार्ड तेवढाच घास घेते. नोंद मागणारे प्रत्येक काम आधी विचारते : हे पान आत आहे का? नसेल तर आणा. ॲटलसचे यंत्र जे तारांतून करी, ते येथे काही ओळींचा कार्यक्रम करतो.

१८/
ही हौस टोकाला नेल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये दिमित्री ग्रिनबर्ग या अभियंत्याने एका आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरवर वेगळ्याच, ३२-बिटी संगणकाचा भास निर्माण केला, त्याच्या आभासी स्मृतीसकट, आणि त्यावर लिनक्स चालवून दाखवले. आज्ञा घेण्यास तयार व्हायला त्याला सुमारे दोन तास लागले. त्या यंत्राशी बोलायचे दार कोणते? तीच अनुक्रमी तार. माणूस टंकत असेल तर अक्षरे सावकाश येतात, चूक झाली तर पुन्हा टंकता येते. दूधकाट्याला ही सवड नाही.

१९/
कारण मेमरी कार्ड हे ॲटलसच्या ड्रमपेक्षा अधिक लहरी आहे. बहुतेक वेळा ते चटकन काम उरकते. पण मधूनच आतली आवराआवर करायला थांबते. प्रमाणित नियमांनुसार एका लेखनासाठी २५० मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते. ९६०० बॉडला तेवढ्या वेळात २४० अक्षरे येऊन जातात. शंभर वेळा सर्व सुरळीत होईल आणि एकशे एकाव्या वेळी ‘१’ हरवेल. म्हणूनच असा दोष दुकानात सापडत नाही. तो पहाटे, रांगेत, एखाद्याच्या पावतीवर सापडतो.

२०/
मग करायचे काय? भावाने जे केले ते क्रमाने सांगतो. एक : २५६ बाइटांचा एक गोल रांजण राखून ठेवला, २४० अक्षरे त्यात मावतात. दोन : अक्षर आले की व्यत्यय हाताळणारा कार्यक्रम ते उचलतो, रांजणात टाकतो, खूण पुढे सरकवतो आणि परत जातो. तो हिशेब करत नाही, यादी उघडत नाही. तीन : रांजण कधीही पानांच्या अदलाबदलीत जात नाही. चार : कार्डाची वाट पाहताना व्यत्ययाचे दार बंद करायचे नाही. २,०४८ पैकी २५६ रांजणाला, १,०२४ दोन पानांना, उरलेले ७६८ बाकीच्या संसाराला.

२१/
दुसरा नियम का मोडू नये, हे त्याने मला मोडून दाखवले. व्यत्यय हाताळतानाच सभासदाचे नाव शोधायला लावले. कार्डाशी आधीच एका पानाची देवघेव चालू होती. मध्येच दुसरे पान मागितले गेले. पहिले काम दुसऱ्यासाठी थांबले, दुसरे पहिल्यासाठी, आणि यंत्र गोठले. मला रोजकीर्द आणि खतावणी आठवली. आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत व्यवहार घडला तसा, त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरवत. कोणाच्या खात्यावर काय चढवायचे, हे नंतर, खतावणीत. गिऱ्हाईक उभे असताना खतावणी उघडणारा कारकून दोन्ही वह्या बिघडवतो.

२२/
तरीही रांजण भरला तर? पाठवणाऱ्याला कान असतील, तर त्याला ‘थांब’ आणि ‘चालू दे’ असे सांगणारी दोन संकेताक्षरे टेलिप्रिंटरच्या काळापासून आहेत. काट्याला कान नसतील, तर उरतो शेवटचा नियम, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा : अक्षर हरवले, हे यंत्राने लपवू नये. हरवल्याची खूण उभारावी, ती ओळ रद्द समजावी आणि वजन पुन्हा मागावे. अंकांच्या शेवटी बेरजेचा पडताळा पाठवला, तर वाटेत गळालेला आकडाही बहुधा पकडला जातो. २.४ ही चूक होती, पण ‘२.४’ हे निःशंकपणे छापणे ही त्याहून मोठी चूक होती.

२३/
मोडी कागदांचे संपादन शिकताना आम्हाला पहिला धडा हाच मिळतो. कागद फाटला असेल, कसर लागली असेल, तर तेथे टिंबे द्यावीत. ‘येथे कागद फाटला आहे’ असे लिहावे. आपल्या अंदाजाने वाक्य जोडून देऊ नये. तुटलेले साधन इतिहासकाराला चालते, कारण तुटले कोठे हे दिसते. सलग दिसणारे पण आतून गळालेले साधन फसवते. आज जिल्ह्यातल्या दुधाचे, उसाचे, कांद्याचे वजन यंत्रांतून नोंदले जाते. उद्या या काळाचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती त्याच नोंदी असतील. त्यांत टिंबे असतील का, हे आज कोणीतरी लिहिलेल्या काही ओळींवर अवलंबून आहे.

२४/
वडिलांची ती पावती आणि सचिवकाकांच्या वहीतल्या त्या पानाचे छायाचित्र, दोन्ही मी जपून ठेवले आहे. एकाच सकाळची दोन साधने, आणि त्यांच्यात दहा लिटरांचे अंतर. केंद्रावर आता नवे यंत्र आहे. काका मात्र अजून वही लिहितात. नव्या पोरांना ते गमतीचे वाटते. आपल्या गावच्या केंद्रावर अशी वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. आणि घरी पावती आली की काट्यावर पाहिलेला आकडा एकदा ताडून पाहा.

धागा समाप्त. तपशिलात काही चूक आढळल्यास अवश्य कळवावे. दुरुस्ती याच धाग्यात, चूक न खोडता, खाली जोडेन.